सूड, शोक आणि मनाचा आजार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत नुकताच ‘मेमेंटो’ हा ख्रिस्तोफर नोलन यांचा रहस्यपट दाखवला. डोक्याला मार बसल्यामुळे ज्याच्या मनात नवी आठवण टिकत नाही, असा नायक पत्नीच्या मारेकऱ्याला शोधत फिरतो आणि शेवटी खून करतो. चित्रपटानंतरच्या चर्चेत दोघातिघांनी ‘डोके फिरलेल्या माणसाच्या हाती पिस्तूल आले की असेच व्हायचे’ असा निष्कर्ष काढला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तो औषधे नियमित घेतो, नोकरी करतो, आईला दवाखान्यात तोच नेतो. मला त्या वेळी काहीच बोलता आले नाही. चित्रपटाचे म्हणणे खरोखर तेच आहे का, की मीच जास्त हळवी झाले आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण हळव्या झालेल्या नाहीत, आणि चित्रपटाचे म्हणणेही ते नाही. माझ्या मते ते नेमके उलट आहे, परंतु हे दाखवायचे तर शेवट उघड करावा लागेल. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा आणि मग हे उत्तर वाचावे, अशी विनंती आहे.

चित्रपटाचा नायक लेनर्ड शेल्बी याचा आजार मेंदूच्या इजेतून आलेला आहे. तो रूढ अर्थाने मनोरुग्ण नाही, पण आपल्याकडे हा फरक फार थोडे लोक करतात. चित्रपटात रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात, कृष्णधवल प्रसंग सरळ क्रमाने पुढे जातात आणि दोन्ही प्रवाह शेवटी एकत्र मिळतात. या मांडणीला अनेकांनी चातुर्याचा खेळ म्हटले, पण तिच्यामागे नैतिक विचार आहे. प्रत्येक रंगीत प्रसंग सुरू होतो तेव्हा आधी काय घडले ते लेनर्डला ठाऊक नसते, आणि आपल्यालाही नसते. त्यामुळे त्याच्याकडे लांबून, कुतूहलाने किंवा भीतीने पाहण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. पोलरॉइड छायाचित्रे, त्यांवर खरडलेल्या सूचना आणि अंगावर गोंदून घेतलेली ‘तथ्ये’ यांच्या आधाराने दिवस काढणे म्हणजे काय, हे आपण त्याच्याबरोबर अनुभवतो. अवघ्या २५ दिवसांत चित्रित झालेला हा चित्रपट २००० साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, तरीही अमेरिकेतल्या वितरकांनी तो घेण्याचे धाडस केले नाही आणि अखेर न्यूमार्केट या त्याच्यामागच्या कंपनीनेच २००१ मध्ये तो स्वतः प्रदर्शित केला. प्रेक्षकाला सुखासुखी बाहेर बसू न देणाऱ्या चित्रपटाच्या वाट्याला असा संकोच येतो, हे आपल्याकडच्या स्वतंत्र दिग्दर्शकांनाही चांगले माहीत आहे.

आता शेवटाकडे वळू. लेनर्ड ज्याचा खून करतो तो टेडी त्याआधी त्याला सांगतो की, तुझा खरा गुन्हेगार तू केव्हाच मारला आहेस, ते तू विसरलास आणि पुन्हा शोधायला लागलास. टेडीवर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न चित्रपट उघडा ठेवतो. पण त्यानंतर जे घडते त्याबद्दल शंकेला जागा नाही. लेनर्डने सारे ऐकलेले असते, ते त्याला समजलेले असते आणि त्या क्षणी आठवणही शाबूत असते. हे सगळे आपण थोड्याच वेळात विसरणार आहोत, हेही तो जाणतो. तरीही, किंबहुना म्हणूनच, तो टेडीच्या गाडीचा क्रमांक पुढचा पुरावा म्हणून लिहून ठेवतो आणि आपल्याच उद्याच्या हाती खोटा धागा देतो. टेडीचा खून त्या क्षणी ठरतो. तो ठरवणाऱ्याचे भान पूर्ण जागेवर आहे. आपल्या विस्मरणाचे हत्यार करायचे, हा निर्णय तो शुद्धीत घेतो.

त्याला तसे करायला लावते ते त्याचे दुःख. काळ गेल्याचे जाणवतच नसेल तर जखम भरणार कशी, असा लेनर्डचा प्रश्न आहे आणि चित्रपटातले सर्वांत करुण स्थान मला तेच वाटते. पत्नी गेली, हे त्याला रोज नव्याने कळते. सूड पूर्ण झाला तर जगण्याला कारण उरणार नाही, म्हणून तो सूड कधी पूर्ण होऊ देत नाही. शोक संपू द्यायचा नाही, हा हट्ट धडधाकट स्मृतीची माणसेही करतात, आणि घराघरांतली पिढीजात वैरे अशाच हट्टावर चालतात.

चर्चेत जे बोलले गेले त्याचे मूळ या चित्रपटात नसून फार जुन्या सवयीत आहे. हिचकॉक यांच्या १९६० सालच्या ‘सायको’त अखेरीस एक मनोविकारतज्ज्ञ येतो आणि खुन्याच्या मनात आईचे दुसरे व्यक्तिमत्त्व कसे वावरत होते याचा खुलासा करतो. कलाकृती म्हणून त्या चित्रपटाची थोरवी मी कमी लेखणार नाही, परंतु ‘खून कोणी केला’ या प्रश्नाला ‘आजाराने केला’ हे उत्तर देण्याची वाट त्यामुळे रुळली. पुढे असंख्य कमअस्सल रहस्यपटांनी दोन व्यक्तिमत्त्वे आणि स्किझोफ्रेनिया यांची गल्लत केली. वस्तुतः या दोन पूर्णपणे वेगळ्या अवस्था आहेत. स्किझोफ्रेनियात माणूस दुभंगून दुसरा होत नाही. त्याला भास होतात, संशय घेरतात, विचारांची सलगता तुटते आणि पुष्कळदा उत्साह व इच्छाच आटून जाते. हा आजार असलेल्या बहुसंख्य माणसांच्या हातून हिंसा घडत नाही. उलट त्यांच्यावरच इतरांकडून हिंसा होण्याची शक्यता जास्त असते. हिंसेचा धोका वाढतो तो मुख्यतः व्यसनाची जोड मिळाली आणि उपचार तुटले म्हणजे.

पुढच्या बैठकीत हे आपण जरूर बोलावे, भावाचा उल्लेख करावा की नाही हे मात्र त्याला विचारून ठरवावे. सोसायटीला सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) दाखवण्याचेही सुचवा. तो रहस्यपट नाही. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली त्याची बहीण यांच्या नात्यातून तो स्किझोफ्रेनिया घराच्या आतून दाखवतो. बहिणीची ओढाताण, तिचा थकवा आणि तिची माया यांतले काहीही त्यात लपवलेले नाही. आपल्याला तो ओळखीचा वाटेल.

प्रश्न : ‘मेमेंटो’त आणि नंतर ‘गजनी’त दाखवलेला विस्मरणाचा आजार प्रत्यक्षात असतो का, की तो पटकथाकारांची सोय आहे?
— एक शिक्षक, नाशिक

उत्तर : तो असतो. त्याची वैद्यकातली सर्वांत प्रसिद्ध नोंद हेन्री मोलेसन या अमेरिकी गृहस्थांची आहे. ते हयात असेपर्यंत संशोधनात त्यांचा उल्लेख केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी होत असे. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली, त्यांच्या वयाच्या २७ व्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी रुजवणाऱ्या भागाचा) बराचसा अंश आणि त्याभोवतीचा काही भाग काढून टाकला. झटके कमी झाले, परंतु त्यानंतरची एकही घटना त्यांच्या स्मरणात नीट रुजू शकली नाही. २००८ साली ते वारले तोवर ही स्थिती कायम होती.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी अनेक वर्षे त्यांचा अभ्यास केला. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचा सराव त्यांनी मोलेसन यांच्याकडून करून घेतला. हा सराव आपण पूर्वी केला आहे, हे मोलेसन यांना दर वेळी ठाऊक नसे, आणि तरीही त्यांचा हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. घटनांची स्मृती आणि कौशल्याची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या जागी सांभाळली जाते, हे यातून उलगडले. ‘मेमेंटो’तला सॅमी जॅन्किसचा उपकथाभाग याच ज्ञानावर उभा आहे. विजेचा सौम्य झटका देणारी वस्तू टाळायला विस्मरणाचाच रुग्ण असलेला सॅमी शिकत नाही, म्हणून त्याचा आजार शरीराचा नसून मनाचा आहे, असा निष्कर्ष विमा तपासनीस असलेला लेनर्ड काढतो आणि भरपाई नाकारली जाते. ‘मनाचा आहे’ म्हणजे ‘खरा नाही’ हा समज किती क्रूर ठरू शकतो, याचे चित्रपटातले हे उदाहरण पुरेसे चर्चिले गेलेले नाही.

‘गजनी’ने (तमिळ २००५, हिंदी २००८) पंधरा मिनिटांची ठाम मुदत आणि अंगावरचे गोंदण घेतले. लेनर्डचा आत्मवंचनेचा निर्णय मात्र घेतला नाही. तिथे खलनायक बाहेर आहे आणि सूड न्याय्य आहे. ती वेगळ्या जातीची कथा झाली.

प्रश्न : मी एका छोट्या, स्वतंत्र रहस्यपटाची पटकथा लिहीत आहे. आईच्या संशयास्पद मृत्यूनंतर मुलीला तिचा आवाज ऐकू येऊ लागतो. काकांनी इस्टेटीसाठी खून केला असे तिला वाटते, ती कागदपत्रे गोळा करते, आखणी करून सूड घेते आणि पुरावा लपवते. अखेरीस सारे तिच्या मनाचे भास होते असे उघड होते आणि न्यायालय तिला वेडी ठरवून सोडते. रचना विश्वसनीय होईल का?
— एक तरुण लेखक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या कथेचा पहिला अर्धा भाग मला मनापासून आवडला. तळमळीने सांगतो, ‘सारे भास होते’ हा शेवट काढून टाका. त्या एका वाक्याने मुलीचा शोक, तिचा संशय आणि इस्टेटीचा वास्तव प्रश्न, सगळेच रद्द होते आणि दीड तास तिच्यासोबत चाललेला प्रेक्षक फसवला जातो.

शिवाय गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणे, ते घरात वावरत असल्यासारखे वाटणे, हे शोकातल्या कितीतरी निरोगी माणसांना होते. तेवढ्याने कोणी मनोरुग्ण ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणाने दीर्घ शोकविकार ही स्वतंत्र अवस्था मानली आहे, पण त्यासाठी दुःखाची तीव्रता किमान सहा महिने टिकून जगणे ठप्प झालेले असावे लागते, आणि त्या समाजाच्या रीतीही लक्षात घ्याव्या लागतात. आपल्या नायिकेचा शोक कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, हे तिला, तिच्या घरच्यांना आणि डॉक्टरांनाही चटकन कळू नये, यात आपल्या कथेचे खरे रहस्य आहे.

या विषयाचा मूळपुरुष शेक्सपिअरचा हॅम्लेट आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी तो १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणला आणि गणपतराव जोशी यांनी ती भूमिका गाजवली, त्यामुळे तो आपल्याला परका नाही. पित्याचे भूत, काकाचा गुन्हा आणि वेडाचे सोंग हे सगळे तिथे आहे. पण आरंभी ते भूत पहारेकऱ्यांना आणि होरेशिओलाही दिसते, आईच्या महालात मात्र ते एकट्या हॅम्लेटला दिसते. शेक्सपिअर निकाल देत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हॅम्लेट भुताच्या शब्दावर खून करत नाही. तो दरबारात नाटक लावून काकाचा चेहरा तपासतो. तो पुरावा शोधतो, लेनर्ड पुरावा बनवतो, आणि दोघांचे मन सारखेच जखमी आहे. आपली नायिका या दोहोंतले काय करते? हे ठरले की उरलेली पटकथा आपोआप वळण घेईल. तिला आजार असू द्या, पण तिने गोळा केलेल्या कागदपत्रांतला निदान एक कागद खरा असू द्या, आणि तिचे म्हणणे केवळ आजारामुळे पोलीस व नातेवाईक कानाआड करतात हे दाखवा. आजारी माणसाच्या साक्षीला कोणी किंमत देत नाही, ही आपल्या समाजातली रोजची वस्तुस्थिती आहे आणि रहस्यपटाला याहून सकस द्रव्य मिळणार नाही.

न्यायालयाबद्दल. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ (पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ८४) सांगते की, कृत्याच्या वेळी मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळण्यास असमर्थ असलेल्या माणसाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. या विचाराचे मूळ १८४३ सालच्या मॅक्नॉटन खटल्यात आहे. ब्रिटिश पंतप्रधान समजून त्यांच्या सचिवाला गोळी घालणाऱ्या माणसाचा तो खटला होता. आजाराचे निदान कागदावर असणे पुरेसे नाही. त्या क्षणी समज नव्हती, हे आरोपीच्या बाजूला दाखवावे लागते. आपली नायिका आधी आखणी करते, नंतर पुरावा लपवते, म्हणजे आपण दाखवल्याप्रमाणे तिला हा बचाव मिळणे कठीण आहे. मिळालाच तरी तिची तशी सुटका होत नाही. न्यायालय तिला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा, किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या स्वाधीन करण्याचा आदेश देते, आणि आपल्या कथेत तिचे नातेवाईक म्हणजे त्याच काकांचे कुटुंब आहे. तिला घ्यायला त्या दिवशी न्यायालयात कोण येते, इथून आपण शेवटचा प्रसंग नव्याने लिहावा.