झाड खुंटले असेल तर आधी नळाच्या पाण्याची चौकशी करा

आपल्या अरेका पामला पूर्वेच्या गॅलरीत पुरेसा उजेड आहे, कुंडी मोठी आहे, गांडूळखतही वेळेवर पडते. तरीही नवे पान येत नाही आणि जुन्या पानांची टोके करपत आहेत, याचे कारण आपण विचारले आहे. पुण्यातील आमच्या सोसायटीत हेच चालले होते, म्हणून सविस्तर लिहितो. उजेड, निचरा वगैरे आपण पाहिलेच आहे, त्यात शिरत नाही.

बोअरवेलचे पाणी जड असल्याने अनेक सोसायट्या सॉफ्टनर बसवतात. या यंत्रात कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडले जाते. साबणाला फेस छान येतो, नळांवर पांढरे थर धरत नाहीत, परंतु कुंडीत हेच सोडियम साचत जाते, माती घट्ट बसते आणि ओलावा असूनही मुळांना पाणी ओढून घेणे कठीण होते. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण) मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नका, कारण सॉफ्टनरने क्षारांचा प्रकार बदलतो, आकडा फारसा बदलत नाही.

आमच्या सोसायटीच्या कार्यालयात मी सॉफ्टनरविषयी लेखी विचारले, तेव्हा ‘पाणी पिण्यायोग्य आहे’ एवढेच छापील उत्तर मिळाले. मी पिण्याविषयी विचारलेच नव्हते! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास 2000 पर्यंत चालवून घेतला जातो. कुंडीतल्या पामने तो का चालवून घ्यावा? अखेर पंपघराबाहेर रचलेल्या, सॉफ्टनरला लागणाऱ्या मिठाच्या गोण्यांनी उत्तर दिले. आपणही तिथेच आधी डोकावा, कार्यालयात खेटे घालू नका.

सॉफ्टनर असल्यास त्याच्या आधीच्या नळाचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरा. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून खालून पूर्ण वाहू द्या आणि बशीत साचलेले लगेच फेकून द्या. साचलेले क्षार धुऊन निघेपर्यंत खत पूर्ण बंद ठेवा, कारण तेही शेवटी क्षारच वाढवते. आरओचे वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यात क्षार अधिकच एकवटलेले असतात. कुंड्यांसाठी तो मला साफ अमान्य आहे.

मी कृषितज्ज्ञ नाही. मुळे कुजली असतील किंवा पानांमागे कोळी (माइट) ही बारीक कीड असेल, तर उपाय वेगळा. करपलेली टोके पुन्हा हिरवी होणार नाहीत, तेव्हा सुधारणा मधल्या नव्या कोंबावरून जोखा, आणि थंडीत तो हललाच नाही तर उन्हाळा लागेपर्यंत निष्कर्ष काढू नका.