आधी आत्याला बोलू द्या

युद्धात कामी आलेल्या चुलत आजोबांचा शोध घेताय ना? मग कागदपत्रं नंतर, घरातली वयस्कर माणसं आधी.

"ते कसे होते?" असं विचारू नका; "चांगले होते" एवढंच उत्तर मिळतं. जुना फोटो हातात द्या आणि गप्प बसा. माझी आत्या चेहऱ्यावरून नव्हे, कोटाच्या तुटक्या बटणावरून सुरू झाली, ती तासभर थांबलीच नाही. तार आली तेव्हा दारात कोण होतं, तेही विचारा.

सन-तारखांवर मात्र विसंबू नका. घरच्या आठवणीत दोन लढायांची सहज एक होते. (आमच्याकडे झालीच होती!) जुन्या पत्राच्या पाकिटावरचा सैनिक क्रमांक, पलटणीचं नाव टिपून ठेवा. महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेत असतील, तर राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) यादीत शोधा. तिथे दोन्ही महायुद्धांतली सुमारे १७ लाख नावं आहेत. स्पेलिंग चार तऱ्हांनी करून बघा.

फोटोमागे मऊ पेन्सिलनंच लिहा, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. आणि बोलता बोलता कोणाचा गळा दाटून आला, तर त्या दिवशी वही मिटा.