हरकत आहे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनवर दोन वाक्यांत सांगून संपेल असं ते नव्हतं, म्हणून पत्र लिहिते आहे.

पुण्यातल्या रामनदीच्या काठावर तुम्ही अकरा जणांनी सकाळभर राबून चौदा पोती प्लास्टिक काढलं आणि पुढच्या रविवारी काठ पुन्हा तसाच. ‘काकू, याला काही अर्थ आहे का?’ असं विचारलं आहेस. आहे. रामनदी मुळेला मिळते, संगमावर मुठा येते, पुढे मुळा-मुठा भीमेत जाते, मग उजनी आणि उजनीच्या खाली पंढरपूर. आपल्या आज्या ज्या चंद्रभागेत डोळे मिटून बुडी घेत आल्या, तिच्या पाण्याची एक वाट बावधन-पाषाणवरून जाते. चौदा पोती त्या वाटेवरून उचलली गेली, हे थोडं नाही.

पण एक गोष्ट खटकली. पोती बांधून तुम्ही ती तशीच गाडीत चढवलीत. त्यांच्याबरोबर तुमचा पुरावाही गेला.

पुढच्या खेपेला निदान एक पोतं ताडपत्रीवर ओत आणि मोज. पाण्याच्या बाटल्या कमी निघतील, कारण त्यांना भंगारात भाव आहे. कचरावेचक बायका त्या मागे ठेवत नाहीत. उरतं ते ज्याला भाव नाही ते: वेफर्सची, बिस्किटांची, गुटख्याची पाकिटं, शांपूच्या पुड्या. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवून ही वेष्टनं करतात. ते थर पुन्हा सुटे करणं परवडत नाही, म्हणून कोणी विकत घेत नाही. हे पुस्तकात शोधत बसू नकोस. तुमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंपाशी अर्धा तास बस. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. या बायकांना कचऱ्यातलं जे कळतं, ते मोठमोठे अहवाल लिहिणाऱ्यांनाही कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मोजदाद झाली की कोणत्या उत्पादकाची किती पाकिटं, तारीख आणि जागा असं कागदावर मांड. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावरही टाकली आहे. तो कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा, एक प्रत महापालिकेला. रिकाम्या काठाच्या फोटोपेक्षा हा कागद जास्त दिवस टिकतो.

(मंडईत मिळणाऱ्या त्या ‘कापडी’ पिशवीलाही फसू नकोस. ती बहुतेक वेळा नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. आईची जुनी साडी घे आणि शिव.)

आता मुख्य गोष्ट. मी एकतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली. मोर्चे खिडकीतून पाहिले, निवेदनं हातात घेतली. त्यातून एक कळलं. ज्या कागदावर आवक क्रमांक पडतो, त्याचं कधी ना कधी कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. जे नुसतं बोललं जातं, ते संध्याकाळी कार्यालय बंद होताना विरून जातं. आपल्याला लहानपणापासून ‘काही हरकत नाही’ म्हणायची सवय लावलेली असते. पाहुणा उशिरा आला, काही हरकत नाही. शेजाऱ्यानं आपल्या दारात गाडी लावली, काही हरकत नाही. तू ‘हरकत आहे’ असं लिहायला शीक. कायद्यानं त्या शब्दासाठी जागा ठेवली आहे.

पुण्याच्या टेकड्यांचंच बघ. 1997 साली 23 गावं महापालिकेच्या हद्दीत आली. तिथल्या टेकड्यांच्या उतारांवर बांधकाम होऊ नये, म्हणून 978 हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण ठेवायचं ठरलं. राज्य सरकारची मंजुरी यायला 2015 साल उजाडलं. मधल्या अठरा वर्षांत लोकांनी हरकती-सूचना भरल्या, सुनावणीला जाऊन बसले, नकाशे उलगडून सर्वे नंबर तपासले. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठे छापून आली नाहीत. आणि काम अजून संपलेलं नाही, कारण आरक्षण बदलताही येतं. मात्र 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे त्यासाठी जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या बारीक टायपातल्या त्या सूचना तू वाचत जा. मी आजही चहाबरोबर आधी त्याच वाचते.

टेकडीसाठी भांडायचं तर आधी ती कोणाच्या नावावर आहे ते बघायचं. एकाच टेकडीचा एक तुकडा वनखात्याचा, दुसरा महापालिकेचा, तिसरा खासगी असू शकतो आणि तिघांचे कायदे वेगळे. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. जो कागद दिसत नाही तो माहितीच्या अधिकारात माग. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. ‘टेकडीबाबत सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंस तर काहीच हाती लागणार नाही. नस्तीचा (म्हणजे फाइलचा) विषय, वर्ष आणि सर्वे नंबर लिही.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगायलाच हवी. नव्वदच्या दशकात आम्ही काही जण दर पावसाळ्यात वेताळ टेकडीच्या उतारांवर झाडं लावायचो. गिरिपुष्प लावायचो, कारण ते जगतं. गुरं तोंड लावत नाहीत आणि दोन वर्षांत हिरवं दिसतं. ते मध्य अमेरिकेतलं झाड आहे, हे आम्हांला ठाऊकही नव्हतं. खड्डे घेताना आम्ही कुसळीचं गवत उपटून टाकत होतो, ‘उजाड माळ’ म्हणून. त्या गवतात तित्तर अंडी घालतात, चंडोल राहतात, पावसाळ्यात कंदीलपुष्पाचा नाजूक वेल वर येतो, हे फार उशिरा कुणीतरी हाताला धरून दाखवलं. आज त्या दाट सावलीत खाली फारसं काही उगवत नाही. मी तिथून जाते तेव्हा मान खाली जाते. म्हणून वृक्षारोपणाचं कुणी बोलावणं केलं, तर आधी विचार की तिथे मुळात काय होतं. सालई, पांगारा, गणेर, खैर असतील तर त्यांना जपायचं. गवत असेल तर गवत जपायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागू नये म्हणून पहारा करणं हे रोप लावण्याइतकंच मोलाचं काम आहे, फक्त त्याचे फोटो निघत नाहीत.

नोकरी सोडू का, असंही विचारलंस. आत्ता सोडू नकोस. अठरा वर्षांच्या कामाला घरभाडं वेळेवर भरणारी माणसं लागतात. आणि सगळं पुणे अंगावर घेऊ नकोस. राम नदीचा तुझा तो एक किलोमीटर घे आणि तिथलं प्रत्येक झाड, प्रत्येक नाला, प्रत्येक सर्वे नंबर पाठ कर.

शेवटचं, आणि हे घाईचं आहे. तू पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत पोत्यांच्या मागे एक वड आहे. बुंध्यावर कागद चिकटवलेला दिसतो. मी मोठा करून पाहिला. ती झाड तोडण्याची नोटीस आहे. 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे ती झाडावर लावावी लागते आणि हरकतीसाठी साधारण सात दिवस मिळतात. तारीख पुसट आहे, पण शनिवारची वाटते, म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत वेळ आहे. उद्या सकाळी जाऊन नोटीस नीट वाच आणि सगळ्या मजकुराचा फोटो घे. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर टेपनं मोज. नोटिशीत वय किती लिहिलंय ते खास बघ. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज ट्री म्हणून वेगळं संरक्षण आहे आणि तोडलं तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. त्यामुळे वय कमी लिहिलेलं असेल तर तोच तुझा पहिला मुद्दा. घरटी असतील तर दुसरा. रस्ता किंवा भिंत चार फूट सरकवून झाड वाचत असेल तर नकाशा काढून तिसरा. वडाबद्दल मनात जे दाटलंय ते एका वाक्यात लिही, जास्त नको.

दोन प्रती काढ. नोटिशीवरच्या पत्त्यावर स्वतः नेऊन दे, पोस्टानं नको. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नकोस. पोच मिळाली की लगेच तिचा फोटो पाठव. शुक्रवारी मी दुपारची झोपणार नाही.

तुझी,
काकू