दाढेची कॅप लगेच, व्हिनिअरचा निर्णय सवडीने

तुमच्या पत्रावरून परिस्थिती अशी दिसते. खालच्या दाढेचे रूट कॅनाल नुकतेच पूर्ण झाले असून डॉक्टरांनी तिच्यावर कॅप बसवायला सांगितले आहे. दात पिवळसर दिसतात आणि वरच्या मधल्या दोन दातांत बारीक फट आहे, म्हणून पुढच्या 6 दातांना त्याच वेळी व्हिनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायची पातळ आवरणे) लावून घ्यावेत, असे तुमच्या मनात आहे. कॅपचा खर्च अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढा आणि व्हिनिअरचा चार महिन्यांच्या पगाराएवढा येतो. हाताशी पाच महिन्यांच्या घरखर्चाची आपत्कालीन शिल्लक आहे, आणि दवाखान्याने दोन्ही कामे मिळून 24 बिनव्याजी हप्त्यांचा पर्याय दिला आहे. माझे मत असे, की कॅप लगेच करून घ्यावी आणि तिचे पैसे शिलकीतून एकरकमी द्यावेत. व्हिनिअर मात्र आत्ता करू नयेत, आणि हप्त्यांवर तर मुळीच करू नयेत.

कॅप ही दुरुस्ती आहे. रूट कॅनाल झालेल्या दाढेचा बराचसा भाग किडीने आणि उपचाराने आधीच गेलेला असतो, आणि चावण्याचा सगळा भार उरलेल्या भिंतींवर येतो. अशी दाढ उभी चिरली, तर ती बहुधा काढावी लागते आणि मग इम्प्लांट (हाडात रोवून बसवलेला कृत्रिम दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) यांचा खर्च समोर येतो, जो एका कॅपच्या मानाने कितीतरी मोठा असतो. आपत्कालीन शिल्लक अशाच प्रसंगासाठी ठेवलेली असते, त्यामुळे तिला हात लावताना संकोच करू नका.

होकार देण्यापूर्वी खर्चाचा आकडा लेखी घ्या आणि त्यात काय काय धरले आहे ते विचारा. दाढेचा भाग फारच कमी उरला असेल तर आधी आतून भराव करावा लागतो, कधी पोस्ट, म्हणजे दाताच्या मुळात आधारासाठी रोवायची छोटी काडी, बसवावी लागते, आणि ही कामे अनेकदा वेगळी आकारली जातात. साधारणपणे पहिल्या भेटीत दाढ सर्व बाजूंनी घासून माप किंवा स्कॅन घेतात आणि तात्पुरती कॅप लावतात. लॅबमधून कायमची कॅप यायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत चिकट पदार्थ टाळावेत आणि त्या बाजूने जपून चावावे. दुसऱ्या भेटीत कॅप पक्की करताना डॉक्टर रंगीत कागद दातांत धरून चावायला सांगतात आणि जिथे ठसा गडद उमटतो तिथे कॅप किंचित घासतात. ‘थोडी उंच लागते आहे’ असे वाटले, तर तिथेच सांगा. घरी गेल्यावर जाणवले तरी पुन्हा जाऊन घासून घ्या, कारण उंच राहिलेल्या कॅपमुळे दाढ दुखत राहते. पुढे कॅप सुटली किंवा तडकली तर किती काळ विनामूल्य दुरुस्ती मिळेल, हेही त्या लेखी आकड्यासोबत मागून घ्या. विमा असेल तर काम सुरू होण्यापूर्वी मंजुरी मिळवा. अशी कॅप अनेक योजनांत अंशतः बसते, मात्र वार्षिक मर्यादा आणि प्रतीक्षा कालावधी तपासावा लागतो. केवळ दिसण्यासाठी केलेले व्हिनिअर विम्यात सहसा बसत नाहीत.

आता व्हिनिअरकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. सिरॅमिक व्हिनिअर बसवण्यासाठी बहुतेक वेळा दाताच्या पुढच्या बाजूचे इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा कठीण थर, सुमारे अर्धा मिलिमीटर घासले जाते, आणि घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. म्हणजे व्हिनिअर एकदा लावले की त्या दातांना पुढे कायम काही ना काही आवरण लागणार. चांगले व्हिनिअर साधारण 10 ते 15 वर्षे टिकतात, काही त्याहूनही अधिक. तुमचे वय 34 आहे. सरासरी 12 वर्षे धरली तर 46, 58 आणि 70 व्या वर्षी ते बदलावे लागतील. खर्च दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढतो असे गृहीत धरले, तर पहिल्या बदलाच्या वेळी आजच्या दुप्पट आणि दुसऱ्या वेळी चौपट रक्कम लागेल. चार पगारांचा जो आकडा तुमच्यासमोर आहे, तो या खर्चाचा पहिला हप्ता आहे, आणि दवाखान्याच्या अंदाजपत्रकात पुढचे हप्ते कधीच दिसत नाहीत.

एकट्या व्हिनिअरचे 24 हप्ते केले तरी दरमहा पगाराचा सहावा भाग दोन वर्षे बांधला जातो. बिनव्याजी म्हटलेल्या योजनेत प्रक्रिया शुल्क आहे का, एकरकमी दिल्यास सूट मिळते का, आणि एखादा हप्ता चुकला तर मागील तारखेपासून व्याज लागते का, हे विचारल्याशिवाय ती खरोखर बिनव्याजी आहे असे मानू नका.

शिवाय तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारींवर कमी खर्चाचे आणि इनॅमल राखणारे उपाय आहेत. पिवळेपणासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दात उजळवून घेता येतात. त्यानंतर साधारण दोन आठवडे थांबून मधली फट कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने, भरता येते, आणि त्यासाठी दात बहुधा घासावाच लागत नाही. कंपोझिट काही वर्षांत डागाळते किंवा त्याचा कोपरा उडतो, पण दुरुस्ती स्वस्त असते आणि मूळ दात शाबूत राहतो. उजळवायचे असेल तर ते कॅपची छटा निवडण्याआधी करावे का, हे डॉक्टरांना विचारा, कारण सिरॅमिकचा रंग नंतर उजळत नाही. दाढ मागची असल्याने तुमच्या बाबतीत हा फरक बहुधा नगण्य ठरेल, आणि त्यासाठी कॅप लांबवू नये.

छान दिसावे ही इच्छा मी किरकोळ मानत नाही. हसताना तोंडावर हात जातो, असे तुम्ही लिहिले आहे आणि त्याचे मोल आहेच. म्हणून कॅपसाठी काढलेली शिल्लक आधी भरून काढा, मग पगाराचा दहावा भाग दरमहा वेगळ्या खात्यात टाका. साधारण 40 महिन्यांत आजच्या दराने व्हिनिअरची पूर्ण रक्कम साठेल, आणि उजळवण्याचा व कंपोझिटचा खर्च त्यातूनच आधी भागवता येईल. तेवढ्याने समाधान झाले नाही, तर दात घासण्यापूर्वी तात्पुरत्या मटेरियलचा नमुना दातांवर लावून पाहण्याची मागणी करा, आणि झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री लावायच्या गार्डचा खर्चही त्याच खात्यात धरा.