अध्यक्ष कोण हवा? फुटबॉल महासंघाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष राजकारणी असावा की माजी खेळाडू? भारताचे माजी कर्णधार भायचुंग भुतियांसारखा माणूस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत 33-1 असा हरतो, तेव्हा खेळाडूंनी या वाटेला जावं तरी कशाला? (नागपूर)

उत्तर : 2 सप्टेंबर 2022 ची ती निवडणूक 'खेळाडू विरुद्ध राजकारणी' अशी नव्हतीच. जिंकलेले कल्याण चौबे हे मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे गोलरक्षक होते. ते भाजपमध्येही होते आणि 2019 ला कृष्णनगरातून लोकसभा लढवून हरले होते. म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर दोन्ही जर्सी. मतदार होते 34, सगळे राज्य संघटनांचे प्रतिनिधी. अर्ज भरायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, म्हणजे दोन राज्यं. भुतियांना मत पडलं एक. गुप्त मतदानात काय होतं, ते या एका आकड्यावरून ओळखा. भुतिया लोकप्रिय होते यात वाद नाही, पण मत देणाऱ्यांत त्यांचे चाहते नव्हते. बंगाल, केरळ, गोवा यांच्या मताला जे वजन, तेच नावापुरती लीग चालवणाऱ्या राज्याच्या मतालाही.

माजी खेळाडू आला की कारभार सुधारतो, हेही गृहीत धरू नका. पोलंडमध्ये झ्बिग्न्येव्ह बोनियेक यांनी 2012 ते 2021 महासंघ चालवला. नॉर्वेत 2022 पासून लिसे क्लाव्हेनेस आहेत. त्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू, शिवाय वकील. उलट स्पेनच्या महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस हेही माजी व्यावसायिक फुटबॉलपटूच. 2023 च्या महिला विश्वचषकाच्या बक्षीस समारंभात त्यांनी एका खेळाडूचं संमतीविना चुंबन घेतलं, त्यापायी त्यांना महिन्याभरात राजीनामा द्यावा लागला. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाचे 2006 ते 2018 अध्यक्ष होते अलाहाबादेत जन्मलेले अर्थतज्ज्ञ सुनील गुलाटी. त्यांच्याच काळात अमेरिका 2018 च्या विश्वचषकाला मुकली, आणि 2026 चं यजमानपद मिळवून आणणाऱ्या समितीचे पहिले प्रमुखही तेच.

उमेदवाराचं नाव पुढे आलं की आम्ही तीन गोष्टी पाहतो. राज्य संघटनेतलं पद तो सोडणार आहे का? दोन्हीकडे खुर्ची असली की निधी देणारा आणि घेणारा एकच होतो. त्याच्या राज्यात गेल्या तीन वर्षांत वयोगटाच्या लीग किती सामन्यांच्या झाल्या? 'झाली' एवढं उत्तर पुरत नाही. चार संघ बोलावून तीन दिवसांत उरकलेली स्पर्धाही कागदावर लीगच असते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : सरचिटणीस तो कोणाला करणार? रोजचा कारभार, पत्रव्यवहार, करार, नोंदणी हे सगळं सरचिटणीस पाहतो. तो पगारी आणि जाणकार असेल आणि अध्यक्ष त्याच्या टेबलावरची फाइल ओढत नसेल, तर मधल्या पातळीचा अध्यक्षही निभावून नेतो.

प्रश्न : एवढा घोळ आहे तर सरकारनं किंवा न्यायालयानं थेट एखादा सनदी अधिकारी प्रशासक म्हणून का बसवू नये? (ठाणे)

उत्तर : ते करून झालं आहे. तेव्हाचे अध्यक्ष, गोंदियाचे प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर 2020 ला संपली होती, पण महासंघाच्या घटनेचा, म्हणजे नियमावलीचा, खटला प्रलंबित असल्यानं निवडणूक झाली नाही. 18 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांची कार्यकारिणी बाजूला करून न्या. अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांची समिती नेमली. माणसं चांगली होती. पण फिफाच्या नियमात सदस्य महासंघाचा कारभार 'तिसऱ्या पक्षा'कडे गेला की बंदी येते. हेतू कोणी विचारत नाही. 15 ऑगस्टला बंदी आली. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता, तो न खेळताच परतला. 17 वर्षांखालील महिला विश्वचषकाचं यजमानपदही जाणार होतं. न्यायालयानं 22 तारखेला समिती बरखास्त केली, 26 ला बंदी उठली, आणि ऑक्टोबरात भुवनेश्वर, मडगाव, नवी मुंबईत सामने झाले.

फिफा स्वतः तात्पुरती समिती नेमू शकते. पण तोही झटपट उपाय नव्हे. पाकिस्तानात 2019 ला अशी समिती बसली आणि निवडून आलेला अध्यक्ष मिळायला 2025 उजाडलं. आपल्याकडे न्यायालयानं मग दुसरी वाट धरली : माणूस बदलण्याऐवजी घटना बदलायची. न्या. नागेश्वर राव यांचा मसुदा 19 सप्टेंबर 2025 ला काही बदलांसह मंजूर झाला. कार्यकारिणी 14 जणांची, त्यात पाच नामवंत खेळाडू. पदाधिकाऱ्यांवर अविश्वास ठराव आणण्याची सोयही आहे. 'नामवंत' कोण, यावर बराच काथ्याकूट झाला. मसुद्यात पुरुषांसाठी सात आणि महिलांसाठी तीन आंतरराष्ट्रीय सामन्यांची अट होती, ती न्यायालयानं पाच आणि दोनवर आणली. कारण साधं आहे : अट फार वर ठेवली तर कित्येक राज्यांत पात्र माणूसच सापडत नाही.

प्रश्न : 14 ऑक्टोबर 2025 ला आमच्या फातोर्ड्यात सिंगापूरकडून 1-2 असे हरलो, 2027 चा आशियाई चषक हुकला. अध्यक्षानं लगेच राजीनामा द्यायला नको होता का? (मडगाव)

उत्तर : तुमचा राग समजतो. छांगटेच्या गोलनं आघाडी घेऊन घरच्या मैदानावर हरणं झोंबणारंच. पण मैदानावरचा संघ निवडणं हे अध्यक्षाचं काम नव्हे. त्याला धरायचं ते जिथे त्याची सही लागते तिथे. ठळक जागा दोन.

पहिली प्रशिक्षकाचा करार. इगोर स्टिमाच यांना जून 2024 ला काढलं तेव्हा त्यांच्या कराराची जवळपास दोन वर्षं शिल्लक होती, आणि शेवटी सुमारे 4 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. करारात 'अमुक टप्पा गाठला नाही तर इतक्या महिन्यांचा पगार देऊन मोकळे' असं कलम आधीच असलं तर ही वेळ येत नाही. प्रशिक्षक सही करताना खुशीत असतो, कलम तेव्हाच घालून घ्यायचं असतं.

दुसरी लीगचे व्यावसायिक हक्क. 2010 चा 15 वर्षांचा करार 8 डिसेंबर 2025 ला संपणार, ही तारीख पहिल्या दिवसापासून माहीत होती. त्यातून महासंघाला वर्षाला 50 कोटी मिळत. नूतनीकरण झालं नाही, जुलैत इंडियन सुपर लीग (आयएसएल) लांबणीवर पडली, आणि नोव्हेंबरात निविदा उघडायची वेळ आली तेव्हा एकही बोली नव्हती. खटला चालू असल्यानं हात बांधलेले होते हे खरं. पण असा करार संपण्याआधी किमान दीड-दोन वर्षं बोलणी सुरू व्हावी लागतात, कारण प्रक्षेपकांचं अंदाजपत्रक वर्षभर आधी ठरतं आणि क्लबांना उन्हाळ्यात खेळाडू घ्यायचे असतात. तारीखच नसेल तर क्लब पगार कशाच्या भरवशावर ठरवणार? आमच्या मते फातोर्ड्यातल्या 90 मिनिटांपेक्षा जाब विचारण्याजोगी गोष्ट ही आहे. गोव्याला तर हे नवं नाही. 2016 ला साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग गोवा यांनी तेव्हाची अव्वल दर्जाची आय-लीग सोडली, तेव्हाही वाद लीगच्या आराखड्याचाच होता.

प्रश्न : बाई अध्यक्ष होऊ शकते का? (पुणे)

उत्तर : नियमाची आडकाठी काहीच नाही. नव्या घटनेत दोन उपाध्यक्षांपैकी एक महिला आणि पाच खेळाडूंत किमान दोन महिला हव्यात. अडचण वेगळी आहे : राज्य संघटना मतदानाला प्रतिनिधी पाठवतात तेव्हा नाव बहुतेक वेळा पुरुषाचं असतं. 2022 च्या कार्यकारिणीत गोव्याच्या वालंका आलेमाव होत्या, त्या क्लब चालवण्याच्या अनुभवातून आलेल्या. ही वाट जास्त खात्रीची.

प्रश्न : आमच्या तालमीचा संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळतो. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने पाहायला गर्दी लोटते. पण दिल्लीत कोण बसणार यात आम्हाला काय अधिकार? (कोल्हापूर)

उत्तर : थेट काही नाही, पण साखळी तुमच्यापासूनच सुरू होते. क्लब जिल्हा संघटनेत मत देतो. कोल्हापुरात ते काम केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) पाहते. जिल्हे मुंबईच्या विफामध्ये (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आपली राज्य संघटना) मत देतात आणि विफाचा प्रतिनिधी महासंघाच्या सभेला जातो. 2022 च्या कार्यकारिणीत तुमचेच मालोजीराजे छत्रपती होते, तेव्हा कोल्हापूर दूर आहे असं म्हणवत नाही.

साखळी तुटते ती कागदांपाशी. महासंघाची निवडणूक लागली की निवडणूक अधिकारी मतदारयादी मागवतो, राज्य संघटना ठराव करून लेटरहेडवर प्रतिनिधीचं नाव देते, कच्च्या यादीवर हरकती येतात, मग अर्ज, छाननी, माघार, मतदान. बहुतेक भांडणं हरकतींच्या टप्प्यावर होतात : एकाच राज्यातून दोन गट दोन नावं पाठवतात आणि खरी कार्यकारिणी कोणती हे कोणालाच दाखवता येत नाही.

हीच गत क्लबाची खालच्या पातळीवर होते. तुमचं मंडळ नोंदणीकृत न्यास असेल, तर नवे पदाधिकारी निवडल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक मंडळांत तो वर्षानुवर्षं दिलेलाच नसतो. मग धर्मादायच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट 1 वर, वारलेल्या अध्यक्षाचंच नाव राहतं आणि हरकत आली की तुमचं मत अडकतं. सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरीच्या सह्या आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रं एका फाइलला लावा. बदल अर्जाची पोहोच मिळाली की तिची झेरॉक्स जिल्हा संघटनेला द्या, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.