नकारही तिचाच

प्रिय,

स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याच्या कामात उतरताना आधी काय शिकावे, असे तू विचारले आहेस. दंडाच्या कातडीखाली बसवलेले गर्भनिरोधक इम्प्लांट काढायला आधी शिक, असे मी सांगेन. आगपेटीतल्या काडीएवढी ती लवचिक कांडी बसवायला काही मिनिटे पुरतात. पण रक्तस्राव अनियमित झाला म्हणून किंवा आता मूल हवे म्हणून तीच स्त्री परत येते, तेव्हा 'अजून मुदत संपलेली नाही, थोडे सोसा' असे सांगून तिची बोळवण केलेली मी पाहिली आहे. वर सारलेली बाही ती मुकाट्याने खाली ओढते आणि निघून जाते. तो क्षण मला अजून छळतो.

'नको' म्हणता येत नसेल, तर 'हो'ला निवड म्हणता येत नाही. रोमानियाने 1966 मध्ये जन्मदर वाढवण्यासाठी गर्भपातावर कडक बंदी घातली. स्त्रिया चोरून, जिवावर उदार होऊन गर्भपात करून घेत राहिल्या आणि माता मृत्यूंच्या बाबतीत तो देश युरोपात सर्वांत वाईट ठरला. 1989 च्या अखेरीस बंदी उठली आणि पुढच्या एकाच वर्षात हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. याच्या उलट, 1990 च्या दशकात पेरूमध्ये हजारो गरीब, मुख्यतः आदिवासी स्त्रियांची नसबंदी त्यांच्या खऱ्या संमतीशिवाय झाली. एका सरकारला मुले हवी होती, दुसऱ्याला नको होती. बाईला मात्र दोन्हीकडे कोणी विचारले नाही. 1994 मध्ये कैरोला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या आणि विकास परिषदेत 179 देशांनी लोकसंख्येच्या उद्दिष्टांऐवजी व्यक्तीचे हक्क केंद्रस्थानी ठेवले, ही गोष्ट म्हणूनच मला फार मोलाची वाटते.

कायदा झाला की सेवा मिळाली, असे मात्र समजू नकोस. इटलीत 1978 पासून गर्भपात कायदेशीर आहे, तरीही निम्म्याहून अधिक स्त्रीरोगतज्ज्ञ सदसद्विवेकाचे कारण देऊन तो करायला नकार देतात आणि हातात दिवस मोजके असलेल्या बाईला दुसरे गाव गाठावे लागते. जगातले सुमारे 45 टक्के गर्भपात असुरक्षित असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गोळ्यांनी सुरक्षित गर्भपात करण्याची पद्धत ठाऊक असलेल्या काळातला हा आकडा आहे, म्हणून तो अधिक बोचतो.

तुझ्यासमोर कोणी बसेल, तेव्हा सोबतच्या माणसाला थोडा वेळ बाहेर थांबायला सांग, मग तो नवरा असो वा आई. तांबी, गोळ्या, इंजेक्शन यांपैकी काय चांगले हे सांगण्याआधी तिला काय हवे आहे ते विचार. दुष्परिणाम सौम्य करून सांगू नकोस. आणि नोंदवहीत 'किती बसवले' या रकान्याशेजारी 'मागितल्यावर किती काढले' हा रकाना पहिल्याच दिवशी आख. तीन महिन्यांनंतरही तो कोराच राहिला, तर मला लिही. काढून मागणाऱ्या बायका कुठे अडल्या, ते आपण मिळून शोधू.