पौल आणि याकोब यांच्यात खरोखर विरोध आहे का?

ताई, आपण लिहिले आहे की आपले माहेर प्रोटेस्टंट आणि सासर वसईकडचे कॅथलिक. मनुष्याचे तारण, म्हणजे पापातून सुटका, केवळ विश्वासाने होते हे आपण लहानपणापासून शिकलात, आणि सासूबाई मात्र याकोबाच्या पत्रातले 'कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे' हे वचन पुढे करतात. मग बरोबर कोण, आणि पवित्र शास्त्र स्वतःचेच म्हणणे खोडते का, असा आपला प्रश्न आहे. मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो आणि बरीच वर्षे बायबल वर्ग घेत आलो आहे, त्यामुळे माझा कल आपण ओळखालच. तरीही सासूबाईंचे वचन बाजूला सारून या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येणार नाही, असे माझे मत आहे.

नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की मोशेच्या नियमशास्त्रातील कृत्यांवाचून मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब दुसऱ्या अध्यायात म्हणतो की मनुष्य कृत्यांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. शब्द समोरासमोर उभे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यातही दोघे साक्षीला यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम यालाच बोलावतात आणि उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातले एकच वचन देतात : अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास त्याचे नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. पौल दाखवून देतो की हे घडले तेव्हा अब्राहामाची सुंता झालेली नव्हती, कारण सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात येते. यहूदी नसलेल्यांनी सुंता करून घेतल्याशिवाय त्यांना देवाच्या लोकांत जागा नाही असे म्हणणाऱ्यांना तो उत्तर देत आहे. याकोब तेथून थेट बाविसाव्या अध्यायाकडे जातो, जिथे अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला बलिदानासाठी वेदीवर ठेवतो, आणि त्या कृतीने आधीचा विश्वास पूर्णत्वास गेला असे म्हणतो. त्याच्यासमोर सुंतेचा वाद नाहीच. उघड्या, उपाशी भावाला 'खुशाल जा, ऊब घे, पोटभर जेव' असे सांगून हातावर काहीच न ठेवणारा मंडळीतला माणूस त्याच्यासमोर आहे.

'विश्वास' हा शब्दही दोघे एकाच अर्थाने वापरत नाहीत. याकोब ज्या विश्वासाला निर्जीव म्हणतो तो भुतांपाशीही आहे. देव एकच आहे हे तीही मानतात आणि थरथर कापतात. पौलाच्या लेखी विश्वास म्हणजे स्वतःला ख्रिस्ताच्या हवाली करणे, आणि गलतीकरांस लिहिताना तोच पौल प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाविषयी बोलतो.

आपल्या घरातल्या वादाचे मूळ सोळाव्या शतकात आहे. प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभ करणाऱ्या मार्टिन लूथरने 1522 साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर छापले, तेव्हा पौलाच्या त्या वाक्यात त्याने 'केवळ' हा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. टीका झाल्यावर 1530 साली त्याने उत्तर दिले की जर्मन भाषेची धाटणीच तो मागते आणि पौलाचा आशयही तोच आहे. मला त्याचा आशय पटतो. परंतु 'केवळ विश्वासाने' हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी, याकोबाच्या पत्रात, येतात आणि तेही नकारासह, हे आपण प्रोटेस्टंटांनी विसरू नये. लूथरने त्या पत्राला 'गवताचे पत्र' म्हटले होते, पुढच्या आवृत्त्यांतून मात्र तो उल्लेख गाळला. शिवाय रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच लिहिले की अग्नीपासून उष्णता आणि प्रकाश वेगळे करता येत नाहीत, तशी विश्वासापासून सत्कृत्येही वेगळी करता येत नाहीत.

दुसऱ्या बाजूविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने जानेवारी 1547 मध्ये या विषयावर निर्णय दिला, आणि त्यातला पहिलाच नियम, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून मनुष्य स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा निषेध करतो. तेव्हा 'कॅथलिक लोक कर्माने तारण विकत घेतात' हे वाक्य कोणी आपल्या तोंडी घातले तर ते स्वीकारू नका. खरा मतभेद मराठीत दोन क्रियापदांनी सांगता येतो : 'ठरणे' आणि 'होणे'. लूथरच्या परंपरेत पापी मनुष्य ख्रिस्तामुळे नीतिमान ठरतो, न्यायालयात निर्दोष ठरावा तसा, आणि जीवनातला बदल त्यामागून येतो. ट्रेंटच्या शिकवणीत देव त्याला आतून नीतिमान करतो, आणि कृपेने घडलेल्या सत्कृत्यांनी ते नीतिमत्त्व वाढते. पुण्यप्राप्तीविषयीचा हा शेवटचा भाग मला आजही पटत नाही.

तरीही 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक संघटना आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या : देव आपला स्वीकार करतो तो केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो. इतर प्रोटेस्टंट पंथांपैकी 2006 साली मेथडिस्ट आणि 2017 साली रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटनाही त्यात सामील झाली. सगळे मतभेद मिटले नाहीत; मात्र एकमेकांवरचे जुने निषेध या समान शिकवणीला लागू होत नाहीत, हे दोन्ही बाजूंनी मान्य केले.

कृपेवर भर दिला तर माणसे आळशी होतील, ही सासूबाईंची भीती असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 सालचा आणि विधवांसाठीची त्यांची शाळा शारदा सदन 1889 सालची; आणि बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यानंतर त्यांचे काम थांबले नाही. 1896-97 च्या दुष्काळात शेकडो मुलींना त्यांनी आश्रय दिला आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहत असे. तिला अक्षरओळख नव्हती. रोज संध्याकाळी तांदूळ वैरण्याआधी ती एक मूठ बाजूच्या पत्र्याच्या डब्यात टाकत असे, आणि रविवारी तो डबा मंडळीतल्या गरिबांसाठी जात असे. पाऊस न झालेल्या वर्षी मूठ लहान झाली, पण चुकली नाही. हे दिले नाही तर देव रागावेल का, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "रागवायला काय झालं? त्यानंच तर दिलंय." कर्जासाठी दागिना तारण ठेवावा तशी आपली सत्कृत्ये देवापुढे तारण म्हणून मांडण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच असते; त्या डब्यात तसे काही नव्हते.

सासूबाईंशी बोलायचे झाल्यास इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय दोघींनी मिळून वाचावा. आपल्याकडे आठवे आणि नववे वचन पाठ करून घेतात आणि दहावे सोडून देतात. कृत्यांनी नव्हे असे म्हणून झाल्याबरोबर पौल तेथे सांगतो की देवाने आधीच योजून ठेवलेल्या सत्कृत्यांसाठी आपण ख्रिस्तामध्ये निर्माण झालो आहोत. ते वचन सासूबाईंनाच मोठ्याने वाचायला सांगा.